नाईलकाठचा लाल गरुड

विद्यार्थ्यांना संध्याकाळी चार घटका एकत्र जमता यावे, एवढ्याच हेतूने १९०७ मध्ये कैरो शहरात एक क्लब निघाला. पुढे तो आफ्रिका खंडातला सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लब ठरला. पण 'अल अहली'ची कहाणी केवळ करंडकांची नाही. तीत परकीय सत्तेविरुद्धचा स्वाभिमान आहे, शिस्त आहे, आणि चौऱ्याहत्तर जणांच्या मृत्यूचे कधीही न भरणारे दुःखही आहे.

कैरोमध्ये दोन अनोळखी माणसांची गाठ पडली, की गाव, धंदा, मुलेबाळे यांची चौकशी नंतर होते. त्याआधी एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुम्ही अहलावी की झमालकावी?" अहलावी म्हणजे लाल सदऱ्याच्या अल अहली क्लबचा चाहता आणि झमालकावी म्हणजे पांढऱ्या सदऱ्याच्या झमालेक क्लबचा. टॅक्सीवाला असो, डॉक्टर असो, नाहीतर भाजी विकणारी बाई असो, या प्रश्नाला 'दोन्ही नाही' असे उत्तर देणारा माणूस कैरोत विरळाच. घराघरांत ही निष्ठा बापाकडून मुलाकडे येते. एकाच घरात सासर लाल आणि माहेर पांढरे असले, तर सामन्याच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कोण कुठे बसणार हेसुद्धा आधी ठरवावे लागते.

आपल्याकडे कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या चाहत्यांत जशी चुरस असते, तशीच ही. फरक इतकाच, की इथे तिचे पडसाद मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळ्या अरब जगात उमटतात. ज्या क्लबमुळे हे घडते, त्याचा जन्म मात्र फुटबॉलसाठी झालाच नव्हता.

परक्यांच्या मैदानाशेजारी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा इजिप्त नावाला तुर्की सुलतानाचा, गादीवर खेदिव, पण खरी सत्ता १८८२ पासून इंग्रजांच्या हातात होती. त्याच वर्षी इंग्रजांनी नाईल नदीच्या मधोमध असलेल्या गेझिरा बेटावर स्वतःसाठी एक क्रीडा क्लब काढला. तिथे पोलो, टेनिस, घोड्यांच्या शर्यती असे सारे काही होते. सामान्य इजिप्शियन माणसाला मात्र त्या हिरवळीवर जागा नव्हती. आपल्याकडच्या जिमखान्यांच्या दारावर त्या काळी जे चित्र दिसे, तेच तिथेही होते.

जून १९०६ मध्ये देन्शवाई नावाच्या खेड्यात ब्रिटिश अधिकारी कबुतरांची शिकार करायला गेले. ती कबुतरे गावकऱ्यांनी पाळलेली होती. त्यावरून झटापट झाली आणि एक अधिकारी मरण पावला. इंग्रजांनी घाईघाईने खटला चालवून चार गावकऱ्यांना फाशी दिली, कित्येकांना सर्वांसमक्ष फटके मारले. साऱ्या देशात संतापाची लाट उसळली. मुस्तफा कामिल यांच्यासारखे राष्ट्रवादी पुढारी तरुणांना जागे करत होते. कैरोतल्या उच्च विद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी १९०५ मध्येच स्वतःची एक संघटना काढली होती. तिचे अध्यक्ष होते ओमर लुत्फी नावाचे वकील.

लुत्फी हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. इजिप्तमधल्या सहकारी चळवळीचा पाया घालणारे म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. शिक्षण संपले की मुले पांगतात, नोकरीला लागतात आणि त्यांच्यातला एकोपा संपतो, हे त्यांनी पाहिले होते. या तरुणांना खेळायला, बसायला, बोलायला एक हक्काची जागा असावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. २४ एप्रिल १९०७ रोजी ती प्रत्यक्षात आली.

क्लबाला नाव दिले 'अल अहली'. अरबीत त्याचा अर्थ होतो 'राष्ट्रीय', म्हणजेच देशाच्या लोकांचा. अमीन सामी अमीन यांनी ते सुचवले. दोन शब्दांच्या या नावातच सारे काही आले होते. आजवरचे क्लब परक्यांचे होते, हा आपला होता.

पाच पौंडांचा एक भाग

पण नुसत्या नावाने मैदान मिळत नाही. पैसा उभा करण्यासाठी एक कंपनी काढण्यात आली आणि पाच पौंडांचा एक भाग याप्रमाणे भाग विकायला काढले. त्या काळी पाच पौंड ही लहान रक्कम नव्हती. भागांतून हवी तेवढी रक्कम जमेना, तेव्हा बँकेकडून कर्ज घेण्यात आले. त्या कर्जाला जामीन राहणाऱ्यांत तलत हर्ब होते. हेच तलत हर्ब पुढे १९२० मध्ये 'बँक मिस्र' स्थापन करून इजिप्तच्या स्वदेशी उद्योगांचे जनक ठरले. सुरुवातीच्या सभांना हजर असणाऱ्यांत तेव्हाचे शिक्षणमंत्री साद झगलूल होते. १९१९ च्या उठावात सारा देश ज्यांच्या नावाचा जयघोष करत रस्त्यावर आला, तेच हे झगलूल.

गंमत अशी, की या स्वदेशी क्लबाचा पहिला अध्यक्ष मात्र एक इंग्रज होता. अर्थखात्यातले अधिकारी मिचेल इन्स यांना मुद्दाम त्या खुर्चीवर बसवण्यात आले. सरकारदरबारची कामे सुरळीत व्हावीत, जागा आणि परवानग्या मिळाव्यात, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता. काम झाले आणि १९०८ मध्ये अझीझ इज्जत पाशा यांच्या रूपाने क्लबाला पहिला इजिप्शियन अध्यक्ष लाभला. फेब्रुवारी १९०९ मध्ये गेझिरा बेटावरच, म्हणजे इंग्रजांच्या क्लबाच्या अगदी शेजारी, अल अहलीच्या वास्तूचे रीतसर उद्घाटन झाले.

क्लबाचा लाल रंगही त्या काळच्या इजिप्तच्या लाल निशाणावरून आला, असे सांगितले जाते. बोधचिन्ह ठरले गरुड.

फुटबॉल आले ते नंतर, पोरांच्या हट्टाने. क्लबाच्या आवारात मुले चेंडू लाथाडू लागली, त्यांच्यासाठी मैदान आखावे लागले आणि १९११ मध्ये क्लबाचा पहिला फुटबॉल संघ तयार झाला. योगायोग पाहा, त्याच १९११ च्या जुलैत कोलकात्यात मोहन बागानच्या अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकली होती. साहेबाचा खेळ साहेबाहून चांगला खेळून दाखवायचा, ही ईर्षा नाईलकाठी आणि हुगळीकाठी एकाच वेळी जागी झाली होती.

या संघाला पहिला मोठा खेळाडू लाभला तो हुसेन हेगाझी. शिकण्यासाठी इंग्लंडला गेलेला हा तरुण १९११ मध्ये फुलहॅम क्लबाकडून खेळला होता, नंतर डलिच हॅम्लेटकडून त्याने नाव कमावले. तो मायदेशी परतला आणि अल अहलीत आला, तेव्हा ब्रिटिश पलटणींच्या संघांना गाठ कोणाशी आहे ते कळू लागले.

दरम्यान १९११ मध्ये एका बेल्जियन वकिलाने कैरोत दुसरा क्लब काढला होता. तिथे देशी-परदेशी सगळ्यांना प्रवेश होता. हाच पुढे झमालेक झाला. ९ फेब्रुवारी १९१७ रोजी दोघांचा पहिला सामना झाला आणि अल अहलीने तो १-० असा जिंकला. त्या दिवशी सुरू झालेले वैर शतक उलटून गेले तरी शमलेले नाही. दोन्ही बाजूंचा संशय इतका, की या सामन्यासाठी कित्येक वर्षे परदेशांतून पंच बोलवावे लागत.

तेत्शचे बंड

क्लबाच्या गेझिरा येथील मैदानाला 'मुख्तार अल तेत्श' यांचे नाव आहे. महमूद मुख्तार हे त्यांचे खरे नाव. चण लहान, पण चपळाई विलक्षण. म्हणून इंग्रजीतल्या 'टिच' या शब्दावरून 'तेत्श' हे टोपणनाव पडले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये इजिप्तने चौथा क्रमांक मिळवला, त्या संघात ते होते. १९३४ मध्ये विश्वचषकात खेळणारा पहिला आफ्रिकी देश म्हणून इजिप्त इटलीला गेला, तेव्हाही ते संघात होते.

पण अहलावी लोक तेत्श यांची आठवण काढतात ती १९४३ सालच्या एका प्रसंगासाठी. पॅलेस्टाइनमधल्या अरब संघांनी अल अहलीला सामने खेळायला बोलावले होते. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे, पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या ताब्यात. इजिप्तच्या फुटबॉल संघटनेने जाण्यास परवानगी नाकारली. तेत्श यांनी ऐकले नाही. क्लबाचे नाव न वापरता खेळाडूंना घेऊन ते गेले, सामने खेळले आणि परत आले. परत येताच त्यांच्यावर बंदीची कुऱ्हाड कोसळली. माफी मागा म्हणजे प्रकरण मिटेल, असा सूर होता. खेळाडू नमले नाहीत. अखेर लोकांचा रेटा वाढल्यावर १९४४ मध्ये बंदी उठली. या एका प्रसंगाने अल अहलीची प्रतिमा कायमची ठरून गेली. हा क्लब कुणापुढे वाकत नाही, असे लोक म्हणू लागले.

ओळीने नऊ विजेतेपदे

इजिप्तची राष्ट्रीय लीग स्पर्धा १९४८-४९ च्या मोसमात सुरू झाली. पहिले विजेतेपद अल अहलीचे. दुसरेही त्यांचेच. तिसरेही. मध्ये दोन मोसम अपुरे राहिले, पण १९५९ पर्यंत जेवढ्या लीग पूर्ण झाल्या, त्या सगळ्या, म्हणजे नऊच्या नऊ, अल अहलीने जिंकल्या. जगात फार थोड्या क्लबांनी आपल्या देशाच्या स्पर्धेची अशी सुरुवात केली असेल.

राजेशाही १९५२ मध्ये उलथून गेली होती. नव्या राजवटीलाही या क्लबाचे महत्त्व कळत होते. १९५६ मध्ये गमाल अब्देल नासेर यांना क्लबाचे मानद अध्यक्ष करण्यात आले. सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण करून त्यांनी जगाला हादरा दिला, ते हेच वर्ष.

पुढे मात्र पडता काळ आला. १९६२ नंतर लीगचे विजेतेपद हुलकावणी देऊ लागले. त्यातच १९६७ च्या जून महिन्यातल्या युद्धात इजिप्तचा दारुण पराभव झाला आणि देशातली लीगच काही वर्षे बंद पडली. मैदाने ओस पडली. एका पिढीच्या उमेदीची वर्षे अशी वाया गेली.

या गर्तेतून क्लबाला बाहेर काढले एका हंगेरियन माणसाने. १९५३ मध्ये वेम्बली मैदानावर इंग्लंडचा ६-३ असा धुव्वा उडवताना ज्याने तीन गोल केले होते, तो नांदोर हिदेगकुटी १९७३ मध्ये अल अहलीचा प्रशिक्षक झाला. जुन्या खेळाडूंना हात जोडून त्याने पोरसवदा खेळाडूंवर भरवसा ठेवला. त्याच्या हाताखाली क्लबाने पाच लीग जिंकल्या. त्या पोरांत महमूद अल खतीब नावाचा एक मुलगा होता.

उस्ताद सालेह सलीम

अल खतीबकडे वळण्याआधी आणखी एका नावापाशी थांबायला हवे. ते म्हणजे सालेह सलीम. पन्नाशीच्या दशकातला हा देखणा, रुबाबदार खेळाडू. मैदानावर त्याचा खेळ असा शांत आणि डौलदार, की लोक त्याला 'माएस्ट्रो', म्हणजे वाद्यवृंदाचा उस्ताद, म्हणत. चित्रपटवाल्यांचीही त्याच्यावर नजर गेली. १९६३ च्या 'अल बाब अल मफ्तूह' या चित्रपटात तो फातेन हमामा या अरब पडद्यावरच्या सम्राज्ञीचा नायक होता. म्हणजे आपल्याकडे एखाद्या कसोटीवीराने नर्गिस किंवा मीनाकुमारीबरोबर नायकाची भूमिका करावी, तसेच.

१९८० मध्ये सालेह सलीम क्लबाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. पाशा आणि सरकारी बड्या लोकांच्या त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले फुटबॉलपटू. मधली काही वर्षे वगळता मे २००२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते अध्यक्ष राहिले. 'अल अहली सर्वांच्या वर' हे वाक्य त्यांच्याशी कायमचे जोडले गेले. खेळाडू कितीही मोठा असो, क्लबापेक्षा मोठा नाही, हा त्याचा अर्थ.

हे तत्त्व प्रत्यक्षात फार कडू असते. हुसाम आणि इब्राहिम हसन हे जुळे भाऊ लहानपणापासून अल अहलीत वाढलेले, लाखोंचे लाडके. २००० मध्ये क्लबाने त्यांच्याशी करार वाढवला नाही. दुखावलेले भाऊ थेट झमालेकमध्ये गेले. कित्येक अहलावी घरांत त्या दिवशी सुतक पाळल्यासारखी शांतता होती. पण क्लबाने निर्णय बदलला नाही. २००८ मध्ये गोलरक्षक इसाम अल हदरी क्लबाला न सांगता स्वित्झर्लंडच्या सिओन क्लबाकडे निघून गेला. प्रकरण फिफाकडे गेले, त्याच्यावर बंदी आली, दंड झाला. पुढे २०१८ मध्ये ४५ व्या वर्षी विश्वचषकात खेळून त्याने विक्रम केला. मात्र अल अहलीचा लाल रंग त्याच्या अंगावर पुन्हा चढला नाही.

सालेह सलीम गेल्यानंतर दहाच दिवसांनी, १६ मे २००२ रोजी, अल अहली आणि झमालेक समोरासमोर आले. त्या सामन्यात अल अहलीने झमालेकला ६-१ असे लोळवले. एकट्या खालिद बिबोने चार गोल केले. उस्तादाला याहून मोठी श्रद्धांजली कोणती, असे अहलावी आजही म्हणतात.

आफ्रिकेचा मुकुट

महमूद अल खतीब यांना लोक लाडाने 'बिबो' म्हणतात. १९८२ मध्ये घानाच्या असान्ते कोटोको संघाला हरवून अल अहलीने आफ्रिकेचा अजिंक्यपद करंडक पहिल्यांदा जिंकला, त्या संघाचे ते आधारस्तंभ होते. प्रशिक्षक होते महमूद अल गोहरी, ज्यांनी पुढे इजिप्तला १९९० च्या विश्वचषकात नेले. १९८३ मध्ये अल खतीब आफ्रिकेचे सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरले. हा मान मिळवणारे ते पहिलेच इजिप्शियन. १९८७ मध्ये सुदानच्या अल हिलालला हरवून त्यांनी दुसरा करंडक उंचावला आणि १९८८ मध्ये निवृत्ती घेतली. २०१७ मध्ये सभासदांनी त्यांना क्लबाच्या अध्यक्षपदी निवडून दिले.

शतक संपताना आफ्रिकी फुटबॉल महासंघाने अल अहलीला 'विसाव्या शतकातला सर्वोत्तम क्लब' म्हणून गौरवले. आणि मग नव्या शतकात तर खरी लूट सुरू झाली. पोर्तुगीज प्रशिक्षक मान्युएल जोझे यांच्या काळात २००१, २००५, २००६ आणि २००८ असे चार वेळा आफ्रिकेचे अजिंक्यपद आले. त्यातले २००६ चे तर विसरण्याजोगे नाही. ट्युनिशियात परक्या मैदानावर सामना बरोबरीत संपणार असे दिसत असताना, भरपाईच्या वेळेत मोहम्मद अबूत्रिकाने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडला आणि करंडक कैरोला आला. त्याच वर्षी जपानमधल्या क्लब विश्वचषकात अल अहलीने तिसरा क्रमांक मिळवला आणि अबूत्रिका स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. तत्त्वज्ञानाचा पदवीधर असलेला हा मितभाषी खेळाडू पाहता पाहता साऱ्या अरब जगाचा लाडका झाला.

पोर्ट सैदची काळरात्र

२००७ मध्ये अल अहलीच्या तरुण चाहत्यांनी 'अल्ट्राज अहलावी' नावाचा गट बांधला होता. सामनाभर उभे राहून गाणी म्हणायची, ढोल वाजवायचे, मशाली पेटवायच्या, हा त्यांचा रिवाज. स्टेडियममध्ये पोलिसांशी त्यांचे सतत खटके उडत. जानेवारी २०११ मध्ये होस्नी मुबारक यांच्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांच्या लाठ्यांची आणि अश्रुधुराची सवय असलेली हीच पोरे तहरीर चौकात पुढच्या फळीत होती. विशेष म्हणजे शेजारी झमालेकची पोरेही होती.

वर्षभराने, १ फेब्रुवारी २०१२ रोजी, सुएझ कालव्याच्या तोंडाशी असलेल्या पोर्ट सैद शहरात अल मस्री या स्थानिक क्लबाशी अल अहलीचा सामना झाला. अल मस्री ३-१ ने जिंकला. जिंकलेल्या संघाच्या लोकांनी जल्लोष करायचा, तर सामना संपताच शेकडो माणसे मैदानात घुसून पाहुण्या चाहत्यांवर तुटून पडली. हातात काठ्या, सुरे, बाटल्या. स्टेडियममधले दिवे गेले. बाहेर पडायचे दार बंद होते. त्या अरुंद वाटेत पोरे एकमेकांखाली चेंगरली, गुदमरली. काही जण वरून खाली फेकले गेले. पोलीस बघत उभे राहिले, असा आरोप झाला. ७४ जण मृत्युमुखी पडले. बहुतेक जण तरुण, काही तर शाळकरी.

खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीचा त्या रात्री दवाखाना झाला होता. जखमींना तिथे आणले जात होते आणि काहींनी खेळाडूंच्या डोळ्यांदेखत प्राण सोडले. अबूत्रिका, मोहम्मद बरकत, इमाद मुतेब यांनी यापुढे खेळणार नाही असे त्याच रात्री जाहीर केले. तहरीरचा सूड म्हणून हे घडवून आणले गेले, असा संशय चाहत्यांच्या मनात घर करून राहिला.

त्या मोसमाची लीग रद्द झाली. खटला चालला. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने २१ जणांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा पोर्ट सैदमध्ये दंगल उसळून आणखी कित्येकांचे बळी गेले. फेरसुनावणीनंतर २०१७ मध्ये दहा जणांची फाशी कायम झाली. म्हणजे एका सामन्यापायी दोन शहरांतली किती घरे उद्ध्वस्त झाली, याचा हिशेब करणेच कठीण.

घरची लीग बंद, मैदाने रिकामी, मनात हे ओझे, अशा स्थितीत अल अहलीचे खेळाडू आफ्रिकेच्या स्पर्धेत मात्र खेळत राहिले. खेळ सोडण्याची भाषा करणारेही परतले. पण सप्टेंबर २०१२ मध्ये देशांतर्गत सुपर कपचा सामना ठरला, तेव्हा अबूत्रिकाने त्यात उतरायला नकार दिला. मृतांना न्याय मिळाल्याशिवाय देशात फुटबॉल सुरू करू नये, असे चाहत्यांच्या गटाचे म्हणणे होते आणि तो त्यांच्या बाजूने उभा राहिला. 'अल अहली सर्वांच्या वर' म्हणणाऱ्या क्लबाने आपल्या सर्वांत लाडक्या खेळाडूलाही दंड ठोठावला. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा संघात होता. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी ट्युनिसजवळच्या रादेस मैदानावर एस्पेरान्सला २-१ ने हरवून अल अहली आफ्रिकेचा विजेता झाला. खेळाडूंनी तो करंडक पोर्ट सैदच्या मृतांना वाहिला.

प्रेक्षकांना स्टेडियमची दारे पुढे बरीच वर्षे जवळजवळ बंदच राहिली. 'अल्ट्राज अहलावी' गटाने २०१८ मध्ये स्वतःच विसर्जन जाहीर केले.

फुटबॉलपलीकडचे घर

परदेशातल्या माणसाला अल अहली म्हणजे फुटबॉल एवढेच ठाऊक असते. कैरोतल्या सभासद कुटुंबाला मात्र क्लब म्हणजे शुक्रवारची सुट्टी घालवायची जागा. गेझिरा बेटावरची मूळ वास्तू, नासर सिटी, शेख झायेद आणि नव्या कैरोतली शाखा, अशा ठिकाणी पोहण्याचे तलाव आहेत, बागा आहेत, मुलांसाठी खेळांचे वर्ग आहेत. आजोबा सावलीत चहा घेत बसले आहेत, आई मैत्रिणींशी बोलते आहे आणि नातवंडे हँडबॉलच्या सरावाला गेली आहेत, असे चित्र रोजचे.

याच वर्गांतून क्लबाचे इतर संघ तयार होतात. व्हॉलीबॉलमध्ये अल अहलीच्या पुरुषांनी आणि महिलांनीही आफ्रिकेचे क्लब विजेतेपद अनेकदा जिंकले आहे. हँडबॉलचा संघही आफ्रिकेचा विजेता ठरला आहे. २०२३ च्या मे महिन्यात रवांडाची राजधानी किगाली येथे सेनेगलच्या संघाला हरवून बास्केटबॉल संघाने आफ्रिकेची बास्केटबॉल लीग जिंकली. त्याच वर्षी जूनमध्ये फुटबॉल संघही आफ्रिकेचा विजेता झाला. पोहणे, वॉटर पोलो, टेबल टेनिस, जिम्नॅस्टिक्स यांतही क्लबाचे खेळाडू देशासाठी खेळतात.

फुटबॉलची घोडदौडही थांबलेली नाही. करोनाच्या साथीत, नोव्हेंबर २०२० मध्ये, आफ्रिकेच्या अंतिम सामन्यात प्रथमच अल अहली आणि झमालेक एकमेकांसमोर आले. प्रेक्षकांविना झालेल्या त्या सामन्यात शेवटची चार मिनिटे उरली असताना मोहम्मद मग्दी 'अफशा' याने दुरून मारलेल्या फटक्याने अल अहली २-१ ने जिंकला. प्रशिक्षक होते दक्षिण आफ्रिकेचे पिट्सो मोसिमाने. पुढे २०२१, २०२३ आणि २०२४ मध्येही अजिंक्यपद आले. २०२४ पर्यंत ही संख्या १२ झाली. त्यांच्यामागे असलेल्या झमालेक आणि काँगोच्या टीपी मझेम्बे यांची प्रत्येकी पाच आहेत, यावरून अंतराची कल्पना यावी. इजिप्तची लीग २०२५ पर्यंत ४५ वेळा जिंकून झाली होती, तर क्लब विश्वचषकात चार वेळा कांस्यपदक मिळाले होते.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत ३२ संघांचा नवा क्लब विश्वचषक झाला. त्याचा उद्घाटनाचा सामना होता लिओनेल मेस्सीच्या इंटर मायामीशी. अल अहलीने तो ०-० असा बरोबरीत सोडवला. पहिल्या डावात मिळालेली पेनल्टी वाया गेली नसती, तर निकाल वेगळा लागला असता. पोर्तोविरुद्ध ४-४ अशी बरोबरी झाली आणि त्यात वसाम अबू अली या पॅलेस्टिनी खेळाडूने तीन गोल केले. संघ गटातच बाद झाला खरा, पण अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये लाल सदरे घालून आलेल्या अरब कुटुंबांची गर्दी पाहून अनेकांना आश्चर्य वाटले.

क्लब कोणाचा?

अल अहलीचे मालक कोणी शेख नाहीत, कोणी उद्योगपती नाहीत. सभासदांची सर्वसाधारण सभा मतदान करून अध्यक्ष आणि कार्यकारिणी निवडते. पाच पौंडांच्या भागांपासून चालत आलेली ही रीत क्लबाने जपली आहे, आणि खाडीतल्या देशांच्या पैशाने भल्याभल्या क्लबांचे मालक बदलत असताना ती जपणे सोपे नाही.

पण याच रीतीची दुसरी बाजूही आहे. सभासद होण्याची वर्गणी आता मध्यमवर्गालाही जड जाते. टॅक्सीवाला, भाजीवाली, पोर्ट सैदला गेलेली ती पोरे, यांच्यातल्या बहुतेकांना क्लबाच्या निवडणुकीत मत नसते आणि तलावाकाठच्या खुर्चीवर बसायचीही मुभा नसते. तरी हरल्याचे दुःख त्यांनाच अधिक होते आणि जिंकल्यावर रस्त्यावर नाचतात तेही तेच.

परक्यांच्या बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या तरुणांसाठी ओमर लुत्फी यांनी हा क्लब काढला होता आणि त्याला 'राष्ट्रीय' हे नाव मिळाले होते. करंडकांचे कपाट तर केव्हाच भरले आहे. त्या नावाला जागून आपले दार किती उघडे ठेवता येते, ही अल अहलीची यापुढची खरी कसोटी आहे.